‘नियमात बसत नाही’: एका मराठी हस्तलिखिताचा खटला

मराठी पुस्तकांवरून न्यायालयांत झालेल्या लढाया काही कमी नाहीत. पण त्या बहुतेक खटल्यांत पुस्तक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असते. कोणाच्या तरी भावना दुखावलेल्या असतात, कोणाची बदनामी झालेली असते, नाहीतर सरकारने पुस्तक जप्त केलेले असते. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी’ हा खटला या रांगेत बसत नाही. इथे पुस्तकातल्या एकाही ओळीवर कोणाचा आक्षेप नव्हता. खुद्द सरकारचाही नव्हता. तरीही हस्तलिखित तुरुंगाबाहेर जाऊ शकत नव्हते आणि ते जावे म्हणून लेखकाला आधी मुंबई उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर १९६५ रोजी लागला.

घटनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल अनुच्छेद २१ खालच्या यादीत एका ओळीत येतो: स्थानबद्ध माणसाला पुस्तक लिहून प्रसिद्ध करण्याचा हक्क आहे. ही ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे. लेखनस्वातंत्र्याचा मोठा जयघोष समजून निकालपत्र वाचायला घेणाऱ्याची थोडी निराशा होईल, कारण तसा जयघोष त्यात नाही. त्यात एक साधा, कोरडा आणि माझ्या मते अधिक उपयोगी प्रश्न आहे. नियम जिथे गप्प असतात तिथे ते मौन कोणाच्या बाजूचे धरायचे? सरकारच्या की माणसाच्या? या लेखात मी या प्रश्नाचा माग काढणार आहे. मी वकील नाही. निकालपत्राकडे मी एक मजकूर म्हणून पाहतो: त्यात काय म्हटले आहे, काय टाळले आहे आणि पुढच्यांनी त्यातून काय उचलले.

१

आधी हकिकत. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. युद्ध महिनाभरात थांबले, पण आणीबाणी उठायला १९६८ चा जानेवारी उजाडला. मधल्या पाच वर्षांत भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संख्या मोठी होती. कामगार चळवळीतले कार्यकर्ते आणि लेखक प्रभाकर संझगिरी त्यांपैकी एक. नियम ३० खाली त्यांना मुंबईच्या तुरुंगात ठेवले होते. देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था यांना बाध येईल असे काही त्यांनी करू नये, हे त्यामागचे सरकारी कारण.

तुरुंगात त्यांनी एक पुस्तक लिहिले, तेही सरकारच्या परवानगीने. विषय चळवळीचा नव्हता. पुस्तक अणूविषयी होते, नाव ‘अणूच्या अंतरंगात’. इंग्रजी निकालपत्रात हे नाव रोमन लिपीत छापले आहे आणि तिथे ‘अणूच्या’चे ‘अणूचा’ झाले आहे. खटल्याच्या शीर्षकात लेखकाच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्येही एक जादा अक्षर घुसले आहे. ज्या कागदाने या लेखकाला घटनेच्या इतिहासात जागा दिली, त्याच कागदावर त्याचे आडनाव आणि त्याच्या पुस्तकाचे नाव अशी दोन्ही चुकलेली आहेत. मराठी वाचकाला हे खटकल्याशिवाय राहणार नाही.

३० सप्टेंबर १९६४ रोजी संझगिरींनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी राज्य सरकारकडे मागितली. उत्तर २७ मार्च १९६५ ला आले, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी. उत्तर नकाराचे होते. मग त्यांनी आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला. तोही फेटाळला गेला. शेवटी त्यांनी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका केली.

या खटल्याचा सगळा जीव सरकारच्या प्रतिज्ञापत्रात आहे. पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणाला धोका आहे असे सरकारने म्हटले नाही. मजकूर आक्षेपार्ह आहे असेही म्हटले नाही. म्हणणे एवढेच होते की, स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देणे कायद्याने आमच्यावर बंधनकारक नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या कोणालाही हे वाक्य ओळखू येईल. आपल्याकडे ते तीन शब्दांत सांगतात: ‘नियमात बसत नाही.’

२

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि आपले मत नोंदवले. मूलकणांच्या सिद्धान्ताची वस्तुनिष्ठ मांडणी या पुस्तकात आहे. ते संशोधनग्रंथ असल्याचा आव आणत नाही. पुंज सिद्धान्ताचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवावे हा त्याचा हेतू आहे, असा त्या मताचा आशय. मराठी विज्ञानलेखनाचे हे बहुधा सर्वांत वजनदार परीक्षण म्हणायचे. तेही अनुक्रमणिकेवरून केलेले, त्यामुळे आपल्याकडच्या परीक्षणांच्या परंपरेला ते फारसे सोडूनही नाही. न्यायालयाने हस्तलिखित लेखकाच्या पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश दिला. सरकार गप्प बसले नाही. अणूवरच्या एका मराठी पुस्तकाची बाड तुरुंगाबाहेर जाऊ नये म्हणून महाराष्ट्र सरकार दिल्लीपर्यंत अपिलात गेले.

एवढा आटापिटा कशासाठी? सरकारला पुस्तकाची भीती नव्हती. भीती तत्त्वाची होती. एका स्थानबद्धाला हक्क म्हणून काही मिळाले, तर उद्या दुसरा दुसरे काही हक्क म्हणून मागेल. आज परवानगी देणे सरकारला सहज शक्य होते. परवानगी द्यावीच लागते हे मान्य करणे शक्य नव्हते. सरकारी नकाराची ही जात समजून घेतली नाही तर खटला समजत नाही.

३

सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिला न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी. त्यांच्यासमोरचे दरवाजे एकेक करून बंद होते. अनुच्छेद १९ मधले भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणीबाणीत अनुच्छेद ३५८ मुळे निलंबित होते. शिवाय १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यापासून असे मानले जात होते की, अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्ये मोकळ्या माणसाची. कायद्याने तुरुंगात ठेवलेल्याला ती सांगता येत नाहीत. अनुच्छेद २१ साठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या ३ नोव्हेंबर १९६२ च्या आदेशाने अडवला होता.

पण त्या आदेशात एक ‘जर’ होता. भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याखालच्या नियम-आदेशांनी ज्याचा हक्क हिरावला गेला असेल, त्याच्यापुरता न्यायालयाचा दरवाजा बंद, असे त्याचे शब्द. म्हणजे हक्क त्या कायद्याने हिरावलाच नसेल, तर दरवाजा उघडा. या वाटेची आखणी १९६३ च्या माखन सिंग खटल्यात झाली होती. तिथला बहुमताचा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा, आणि सुब्बा राव यांनी त्यात आपले वेगळे मत नोंदवले होते. दोन वर्षांनी त्याच फटीतून त्यांनी एक पुस्तक बाहेर काढले.

मग प्रश्न उरला तो असा: पुस्तक बाहेर पाठवायला मनाई करणारा नियम कोणता? स्थानबद्धांना कसे ठेवायचे, त्यांच्या भेटीगाठी आणि पत्रव्यवहार कसा चालवायचा, याच्या अटी १९५१ च्या आदेशात होत्या. पुस्तक लिहिण्याविषयी वा ते छापायला पाठवण्याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. सरकारी वकिलांनी याच मौनाचा आधार घेतला. माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपते. मग अटींच्या आदेशात ज्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याच्या. पुस्तकाची सवलत दिलेली नाही, म्हणून ती नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

न्यायालयाने तो उलटा फिरवला. त्या आदेशात लिहिल्या आहेत त्या सवलती नव्हेत, ती बंधने आहेत. कायद्याने स्थानबद्ध माणसाच्या स्वातंत्र्यावर किती आणि कशी बंधने घालायची ते त्यात सांगितले आहे. जे बंधन तिथे लिहिलेले नाही, ते घालण्याचा अधिकार सरकारला नाही. तसे बंधन घातले, तर ज्या कायद्याखाली त्याला डांबले त्याच कायद्याच्या बाहेर जाऊन सरकार त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्याला हात घालते. अपील फेटाळले गेले.

या निकालाचे मोठेपण मला इथे दिसते. ‘सवलत’ आणि ‘बंधन’ यांत फरक कागदावरचा वाटतो, पण हिशेब कुठून सुरू करायचा ते त्यावर ठरते. सवलतीची भाषा वापरली की हिशेब शून्यापासून सुरू होतो: माणसाकडे काही नाही, सरकार देईल ते त्याचे. बंधनाची भाषा वापरली की हिशेब पूर्णापासून सुरू होतो: सगळे त्याचेच आहे, कायद्याने वजा केले तेवढेच गेले. तुरुंगात वजाबाकी मोठी असते हे खरे. पण ती वजाबाकीच असते आणि प्रत्येक रकमेला कायद्याचा आधार दाखवावा लागतो. ‘नियमात बसत नाही’ म्हणणाऱ्याला न्यायालयाने विचारले, मनाई करणारा नियम कोणता, तो दाखवा.

आणि हे विचारले कधी? ६ सप्टेंबर १९६५ हा तोच दिवस, ज्या दिवशी भारतीय सैन्याने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. अपील काही त्या दिवसासाठी चालवले गेले नव्हते, हा योगायोगच. पण युद्धात उतरलेल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, देशसंरक्षणाच्या कायद्याखाली डांबलेल्या माणसाच्या बाजूने, त्या दिवशी हा निकाल दिला, याची नोंद राहायला हवी.

४

मराठीत तुरुंगातल्या लेखनाची परंपरा एवढी मोठी आहे की हा खटला तिच्याशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. ‘गीतारहस्य’ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिले. १९१४ मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखिताच्या वह्या लगेच त्यांच्या हाती आल्या नाहीत. सरकारने त्या ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापला गेला. सावरकरांना अंदमानात पाठवण्यापूर्वी काही काळ ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते. पुढे अंदमानात कागद मिळत नसे, तेव्हा त्यांनी कविता भिंतींवर कोरून आणि पाठ करून जपल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली.

ही उदाहरणे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतून निघणारा अर्थ मात्र नेहमी लेखकाच्या जिद्दीचा असतो: भिंतींनाही न जुमानणारी प्रतिभा वगैरे. तुरुंगाच्या बाजूने पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. यांतले प्रत्येक पान कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर वाचले. वह्या परत मिळाल्या, कारण कोणीतरी त्या परत द्यायचे ठरवले. त्या परत मिळाल्या नसत्या तर दाद कुठे मागणार होते? १९६५ च्या निकालाने मराठी तुरुंगलेखनाच्या इतिहासात पहिल्यांदा ही मर्जी बाजूला सारली. संझगिरींच्या पुस्तकाची ‘गीतारहस्या’शी तुलना करण्याचे कारण नाही. पण बाहेर जाण्याचा त्याचा रस्ता टिळकांच्या वह्यांना मिळालेल्या रस्त्यापेक्षा सरळ होता, कारण तो कोणाच्या कृपेवर अवलंबून नव्हता. साहित्याच्या इतिहासात हा खटला आपण नोंदवत नाही. नोंदवायला हवा.

५

एवढे कौतुक केल्यावर निकालातल्या उणिवाही सांगायला हव्यात.

पहिली उणीव अशी की, पुस्तक निरुपद्रवी होते ही गोष्ट निकालाच्या पायात आहे की नुसती हकिकतीत आहे, हे स्पष्ट होत नाही. तर्क काटेकोरपणे पाहिला तर पुस्तकाचा विषय गैरलागू ठरतो. मनाईचा नियम नाही म्हटल्यावर पुस्तक अणूवर असो की गिरणी संपावर, काय फरक पडतो? पण पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे हे दोन्ही न्यायालयांनी आवर्जून नोंदवले. संझगिरींनी कामगार चळवळीवर लिहिले असते तर निकाल हाच लागला असता का? निकालपत्र उत्तर देत नाही. लेखनाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी टोचणाऱ्या पुस्तकाने लागते आणि ती कसोटी इथे लागलीच नाही.

दुसरी उणीव तर्कातच आहे. नियम गप्प आहे म्हणून हक्क शिल्लक आहे असे म्हटले, की सरकारला उपाय सापडतो: नियम करा. अटींच्या आदेशात एक ओळ वाढवली असती तर पुढचे हस्तलिखित तुरुंगातच राहिले असते. तसा नियम स्वतः वाजवी आहे का, हे विचारायला अनुच्छेद १९ लागले असते आणि ते तर निलंबित होते.

तिसरी उणीव सर्वांत महागात पडली. सगळा निकाल राष्ट्रपतींच्या आदेशातल्या एका ‘जर’वर उभा होता. २७ जून १९७५ रोजी नवा आदेश निघाला तेव्हा तो ‘जर’ त्यात नव्हता. २८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींच्या बहुमताने म्हटले की, १९६२ चा आदेश सशर्त होता, हा बिनशर्त आहे. त्यामुळे जुन्या निकालांची वाट आता उपलब्ध नाही. स्थानबद्धतेला आव्हान देण्याचा मार्गच बंद झाला. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत दिले. १९७७ च्या सुरुवातीला भानुदास कृष्ण गावडे खटल्यात पुढचे पाऊल पडले. स्थानबद्धांना कोणत्या अटींवर ठेवावे याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला दिलासाही सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. ज्या दरवाजातून ‘अणूच्या अंतरंगात’ बाहेर आले तो बारा वर्षांच्या आत भिंत बांधून बुजवला गेला.

मराठी वाचकाने यातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कैद्याचे मूलभूत हक्क शिक्षेबरोबर आपोआप संपत नाहीत असे १९७४ मध्ये भुवन मोहन पटनाईक खटल्यात लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. दोन वर्षांनी जबलपूरच्या बहुमतातही तेच होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल रद्द ठरवला गेला, तेव्हा तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. या पितापुत्रांची कथा वर्तमानपत्रांनी चवीने सांगितली. तिच्यातला धडा व्यक्तींविषयीचा नाही. हक्क एका न्यायमूर्तीच्या वृत्तीवर किंवा आदेशातल्या एका शब्दावर टांगून ठेवला तर काय होते, याचा तो धडा आहे.

६

नंतरच्या वर्षांत यांतल्या बऱ्याच उणिवा भरून निघाल्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही निलंबनाबाहेर ठेवले. त्याच वर्षी मनेका गांधी खटल्याने अनुच्छेद १९ आणि २१ यांच्यातली गोपालनची भिंत पाडली. जानेवारी १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन या स्थानबद्ध महिलेच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी जगण्याच्या हक्कात वाचणे, लिहिणे आणि विविध रूपांनी व्यक्त होणे यांचा समावेश केला. १९९४ मध्ये ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या आत्मकथनाचा प्रश्न आला. अधिकाऱ्यांची बदनामी होईल या भीतीने सरकार प्रकाशनाआधीच ते रोखू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे जी कसोटी १९६५ मध्ये लागली नव्हती ती इथे लागली. हे पुस्तक टोचणारे होते.

तत्त्वाची बाजू अशी भक्कम झाली. व्यवहाराचे काय? एप्रिल २०२२ मध्ये तळोजा कारागृहातले एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना घरच्यांनी पाठवलेले पी. जी. वुडहाउस यांचे पुस्तक तुरुंग प्रशासनाने सुरक्षेचे कारण देऊन नाकारल्याचे त्यांच्या वकिलांनी सांगितले. जगातल्या सर्वांत निरुपद्रवी विनोदी लेखकापासून तुरुंगाला धोका! न्यायमूर्तींनीही सुनावणीत याला हास्यास्पद म्हटले.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की नकाराच्या दोन जाती दिसतात. १९६५ चे सरकार कारण देत नव्हते. आम्ही बांधील नाही, एवढेच म्हणत होते. आताचा तुरुंग कारण देतो, पण ते कारण नुसता शिक्का असतो. पहिल्या नकाराला संझगिरी खटल्यात उत्तर मिळाले. दुसऱ्याला ते उत्तर अर्धेच पुरते. ‘नियम दाखवा’ याच्या पुढे जाऊन ‘धोका दाखवा’ असे विचारावे लागते आणि ते दर पुस्तकामागे, दर कैद्यामागे विचारावे लागते. तुरुंगाची म्हणून खरी गरज असते हे नाकारायचे कारण नाही. टपालातून सांकेतिक निरोप जाऊ शकतात, पुस्तकातून वस्तू येऊ शकतात. त्यासाठी तपासणी आहे. संझगिरींचे हस्तलिखितही सरकारला वाचून पाहता येत होतेच. तपासण्याचा अधिकार वेगळा आणि न तपासता नाकारण्याचा वेगळा.

७

हा खटला तुरुंगापुरता ठेवला तर त्याचे मोल कमी होईल. कोपरीतून रेल्वे ओलांडून ठाण्याच्या पश्चिमेला गेले की कोर्टनाक्याच्या परिसरात न्यायालय, जिल्हाधिकारी कचेरी आणि जुन्या किल्ल्यातले मध्यवर्ती कारागृह ही तिन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरात आहेत. कारागृहाच्या दारात मुलाखतीसाठी ताटकळणारे नातेवाईक आणि कचेरीच्या खिडकीशी दाखल्यासाठी उभे असलेले लोक यांना ऐकावे लागणारे वाक्य पुष्कळदा एकच असते. ‘नियमात बसत नाही’ असे सांगितले की बहुतेक जण परत फिरतात. कोणता नियम, असे विचारण्याची आपल्याला सवय नाही, आणि विचारले तर खिडकीपलीकडच्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो.

सुब्बा राव यांच्या निकालाने या उद्धटपणाला कायद्याची प्रतिष्ठा दिली. नागरिकाने परवानगीचा नियम शोधत बसायचे नाही. नाकारणाऱ्याने मनाईचा नियम दाखवायचा. न्यायालयाने हे एका स्थानबद्धाच्या बाबतीत, आणीबाणीत, युद्धाच्या दिवशी सांगितले. ज्याचे सर्वांत जास्त हिरावले गेले होते त्याच्या बाबतीत जर हे खरे, तर मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्याच्या बाबतीत ते किती अधिक खरे असले पाहिजे! पुढे मोठे निकाल आले, मोठे शब्द आले: प्रतिष्ठा, खासगीपण, जगण्याचा हक्क. त्यांचे महत्त्व आहेच. पण ते शब्द उच्चारायला बहुधा वकील लागतो. मनाईचा नियम मागायला तो लागत नाही. घटनेतला हा सर्वांत स्वस्त हक्क आहे. आणि तो एका मराठी लेखकाने, मराठी पुस्तकासाठी लढून मिळवलेला आहे.